तंतुवाद्यांवरील जडावकाम आणि लेझरचे यंत्र

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगास, खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेल्या उद्यमबागेत लोखंड ओतणारे, कातणारे, घासणारे आणि अलीकडे प्रकाशाच्या शलाकेने पत्रा कापणारे जे लहानमोठे कारखाने आहेत, त्यांचा आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याला तबली बसवीत असलेल्या कारागिराचा काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. एकीकडे दशांश मिलिमीटरचा हिशेब आणि यंत्रांचा अहोरात्र घोष. दुसरीकडे हाताची सवय, कानाची पारख आणि पिढीजात चालत आलेली वहिवाट. तथापि मिरज आणि बेळगाव ही दोन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावरची. आणि परदेशांतील हातबनावटीच्या गिटारींवर लेझरच्या साहाय्याने जडावकाम करण्याचा जो प्रघात गेल्या काही दशकांत रूढ झाला, त्याने उपस्थित केलेला, यंत्राने काय करावे आणि हाताने काय, हा प्रश्न या दोन गावांनी मिळूनच सोडवावा अशा स्वरूपाचा आहे. यंत्र एकाच्या दारी आहे, वाद्य दुसऱ्याच्या. आणि दोघांमधला रस्ता निपाणी-चिकोडीच्या मुलखातून जाणारा, काही तासांचा आहे.

गिटार हे वाद्य आपल्याला वाटते तितके परके नाही. अमेरिकेतील मार्टिन या १८३३ साली स्थापन झालेल्या पेढीने १९६९ च्या सुमारास ब्राझीलचे शिसवी लाकूड दुर्मीळ झाल्यामुळे गिटारीच्या पाठीसाठी व बाजूंसाठी भारतीय शिसव वापरण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून सह्याद्रीच्या दक्षिण भागात वाढलेला हा वृक्ष जगभरच्या गिटारींच्या अंगी जाऊन बसला आहे. पुढे २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. या घडामोडींची झळ युरोप-अमेरिकेतील वाद्यकारांना जितकी लागली, तितकीच कर्नाटकातील लाकूडव्यवहारालाही लागली. म्हणजे कच्चा माल आपला, त्यावरची कारागिरी मात्र परदेशी, अशी ही स्थिती आहे. आणि जडावकाम हेच त्या कारागिरीचे सर्वांत दर्शनी अंग होय.

आपल्याकडे जडावाची परंपरा नव्हती असे मात्र मुळीच नाही. मुंबई-सुरतेकडे सादेली नावाने ओळखले जाणारे, हस्तिदंत, शिंग, कथील व रंगीत लाकूड यांच्या सूक्ष्म काड्या एकत्र जोडून, त्यांचे आडवे काप घेऊन पेट्यांवर बसविण्याचे काम एकोणिसाव्या शतकात इतके प्रसिद्धीस आले, की इंग्रज लोक ते मुंबईच्याच नावाने ओळखू लागले. म्हैसूरच्या शिसवी जडावकामास आज भौगोलिक मानांकन लाभले आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी, शस्त्रांना धार लावण्याचा धंदा ओसरू लागल्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सतारी व तंबोरे घडविण्याचे कसब आत्मसात केले, तेव्हा पोलादावर चाललेला हात लाकडावर व हस्तिदंतावर चालू लागला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे वास्तव्य मिरजेस झाल्याने या कसबाला अत्यंत चोखंदळ असे गिऱ्हाईक गावातच लाभले. आणि ज्या गावात गवई आणि वाद्यकार रोज एकमेकांस भेटतात, त्या गावचे वाद्य सुधारत जाते, हे निराळे सांगावयास नको.

मिरजेच्या तंबोऱ्याचे आभूषण कोठे कोठे असते, हे येथे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. तबलीच्या कडेने फिरणारी पांढरी किनार, दांडीच्या दोन्ही अंगांनी वर चढत जाणारी वेलबुट्टी, भोपळा व दांडी जेथे जुळतात त्या गुलूपाशी लाकडात कोरलेली पाने, आणि तारा ज्यांवरून जातात त्या अटी-तारगहनाभोवतीची नक्षी ही त्याची मुख्य स्थळे होत. तबलीचा मध्यभाग, जेथे घोडी बसते आणि जेथून नाद उठतो, तो मोकळा राखलेला असतो. या सजावटीचे द्रव्य मात्र काळानुसार बदलत गेले. पूर्वी हस्तिदंत, शिंग व हाड यांचा उपयोग होई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यातील १९८६ ची भारतीय हस्तिदंताच्या व्यापारास बंदी करणारी दुरुस्ती, आणि १९९१ ची आयात हस्तिदंतासही तोच नियम लावणारी दुरुस्ती यांनी ते द्रव्य कायमचे बाद केले, आणि ते योग्यच झाले. त्याची जागा बव्हंशी पांढऱ्या सेल्युलॉइडने व तत्सम प्लास्टिकने घेतली: पट्टी चिकटवायची, तिच्यावर टोकदार हत्याराने रेघ कोरायची, त्या रेघेत काळी अथवा रंगीत लाख भरायची आणि वरून घासून पृष्ठभाग एकसारखा करायचा.

आता यंत्राकडे वळू. लेझरचा पहिला प्रकाश थिओडोर मायमन याने १९६० साली माणकाच्या कांडीतून काढला. परंतु लाकूड, कातडे, कागद व अॅक्रिलिक कापणारा जो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर आज पाट्या बनविणाऱ्या दुकानांत सर्वत्र आढळतो, तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे शास्त्रज्ञ कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेस गेले, ही गोष्ट महाराष्ट्रातील फार थोड्या लोकांच्या स्मरणात आहे. ज्या यंत्राचा मूळ पुरुष कऱ्हेच्या काठी जन्मला, ते यंत्र कृष्णेच्या काठच्या वाद्यांना परके मानण्याचे कारण नाही. या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यास न दिसणारी उष्णतेचीच. लाकूड व अॅक्रिलिक ती चटकन शोषून घेतात, चकचकीत धातू मात्र ती परतवून लावतात. उलटपक्षी, उद्यमबागेत पोलादी पत्रा कापणारा व यंत्रभागांवर क्रमांक उमटविणारा जो फायबर लेझर असतो, त्याची तरंगलांबी सुमारे १.०६ मायक्रोमीटर असते. तो धातूस लागू पडतो, पण लाकडाच्या कामी फारसा येत नाही. लेझर म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे ध्यानात न घेता या विषयावर जे मतप्रदर्शन होते, ते बहुधा व्यर्थ जाते.

द्रव्यागणिक परिणाम निरनिराळे होतात, आणि या विषयाचा खरा गाभा येथेच आहे. प्रथम धोक्याचा भाग. मिरजेच्या वाद्यांवरचे सेल्युलॉइड हे कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजचे, कापूर मिसळून बनविलेले द्रव्य असून ते लाकडाहून कितीतरी कमी उष्णतेवर पेट घेते. जुन्या चित्रपटांच्या फिती याच जातीच्या असत, आणि २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून कितीतरी जुने चित्रपट कसे नष्ट झाले, हे आपणांस ठाऊक आहे. असे द्रव्य लेझरखाली ठेवणे म्हणजे कारखान्यास आपल्या हातांनी आग लावणे होय. पांढऱ्या प्लास्टिकच्या नावाखाली मिळणारे पीव्हीसीही तितकेच वर्ज्य. ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि तो कारागिराची फुप्फुसे व यंत्राचे आरसे दोन्ही खातो. सेल्युलॉइड, पीव्हीसी व अॅक्रिलिक ही तिन्ही पांढरी पाने दुकानात शेजारी शेजारी ठेवली, तर नवख्या माणसास ओळखू येत नाहीत; म्हणून परंपरेने जे साहित्य वापरले जाते तेच घेऊन कोणी उत्साही मनुष्य लेझरच्या दुकानात गेला, तर काम उत्तम होण्याऐवजी अनर्थ होण्याचा संभव अधिक. या विषयातील पहिली सूचना नक्षीची नसून सुरक्षिततेची असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोतीशिंपेचा मामला वेगळा. परदेशी गिटारीच्या पडद्यांच्या पट्टीवर जे चमकदार तुकडे दिसतात ते याच शिंपेचे, सामान्यतः १.३ ते १.५ मिलिमीटर जाडीचे. शिंप हा चुनखडीच्या जातीचा पदार्थ, पातळ सेंद्रिय थरांनी सांधलेला. उष्णता लागली की तो थर करपतो, काठ भुगभुगीत व पांढुरका होतो, आणि क्वचित तुकडा तडकतोही. म्हणून जाड शिंप सोनाराच्या बारीक करवतीनेच, अथवा संगणकनियंत्रित फिरत्या हत्याराने कापतात. कागदासारख्या पातळ शिंपपत्र्यावर मात्र लेझर चालू शकतो. हाड जळते, दुर्गंधी येते आणि त्याचा शुभ्रपणा जातो. पितळ व चांदी यांना फायबर लेझर लागतो. आणि निपाणीपासून जवळच असलेल्या हुपरीत चांदीचे पैंजण घडविणाऱ्यांची जी वस्ती आहे, तिच्याकडून चांदीचा पातळ पत्रा घेऊन, तो उद्यमबागेत कापून, मिरजेच्या दांडीत बसविणे आज अगदी शक्य आहे. अॅक्रिलिक सर्वांत स्वच्छ कापले जाते, परंतु त्याला अंगची अशी शोभा नाही. राहता राहिले लाकूड. आणि माझ्या मते लेझरचे खरे क्षेत्र तेच आहे, म्हणजे लाकडातच लाकूड जडविणे. फणसाचे पिवळे, शिसवाचे जांभळट काळे, तुणीचे तांबूस, असे पातळ पापुद्रे कापून त्यांची वेल सांधली, तर हस्तिदंतबंदीच्या कायद्याचा अडसर राहत नाही, आग लागण्याची भीती आटोक्यात राहते आणि वाद्याच्या अंगाशी त्या आभूषणाचे नातेही सजातीय राहते.

सांधा कसा बसतो, हे पाहण्यासारखे आहे. एका पानाच्या आकाराचा तुकडा कापावयाचा आहे असे समजा. लेझरच्या छेदाची रुंदी पातळ लाकडात साधारण ०.१५ मिलिमीटर धरली, तर आखलेल्या रेषेवरूनच शलाका फिरविल्यास तुकडा प्रत्येक बाजूने ०.०७५ मिलिमीटरने लहान होतो, आणि त्याच रेषेवर पाडलेले भोक तितकेच मोठे होते. दोहोंमध्ये सर्व बाजूंनी ०.१५ मिलिमीटरची फट राहते, आणि काळ्या शिसवात पांढऱ्या तुकड्याभोवतीची एवढी फट तिऱ्हाईताच्याही डोळ्यात भरते. म्हणून नकाशावरच तुकड्याची रेषा बाहेर व खाचेची रेषा आत सरकवावी लागते. शिवाय छेद वरून रुंद व खाली अरुंद असा किंचित उतरता पडतो; तो ओळखून तुकडा उलटा कापला, तर पाचर बसावी तसा तो घट्ट बसतो, आणि न ओळखता सुलटा कापला, तर वरून घासताच फट उघडी पडते. एवढी काळजी घेतल्यावर मात्र लेझरचा एक गुण असा आहे की त्यास तोड नाही: पानाचे टोक जेथे निमुळते होते, तेथील आतला कोपरा तो जवळजवळ सुईसारखा काढतो. फिरणाऱ्या हत्याराची जाडी एक मिलिमीटर असली, तर खाचेचा प्रत्येक आतला कोपरा अर्ध्या मिलिमीटरच्या त्रिज्येने गोलच राहणार, आणि मग तो हाताने छिनून काढावा लागणार.

हे झाले आरपार कापण्याचे. अर्धवट खोलीची खाच लेझरने करणे ही मात्र दुसरीच गोष्ट आहे आणि तिची शिफारस मी करणार नाही. लाकडाच्या वलयांतील मऊ भाग आधी जळतो, कठीण भाग मागे राहतो; गिटारीच्या तबलीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्रूससारख्या लाकडात तर खाचेच्या तळाशी उंचसखल चरे उठतात, आणि जळलेल्या भिंतीवर सरस नीट धरत नाही. तबलीच्या तोंडाभोवती जे वर्तुळाकार जडावकाम असते, त्याची खाच तीन मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या फळीत पाडावयाची असते. तेथे तळ समतल नसेल, तर आभूषण तर बिघडतेच, पण फळीही दुबळी होते. खाच हत्याराने पाडावी आणि तुकडा लेझरने कापावा, अशी श्रमविभागणी त्यामुळे स्वाभाविक ठरते. टेलरसारख्या गिटारी बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीनेही संगणकनियंत्रित फिरती हत्यारे आणि लेझर ही दोन्ही कारखान्यात ठेवली आहेत. एकाने दुसऱ्याची जागा तेथेही घेतलेली नाही.

याहून नाजूक प्रश्न कोरलेल्या रेघेचा. मिरजेच्या पट्टीवरील वेलीची रेघ जवळून न्याहाळावी. हत्यार प्रथम अलगद टेकते, तेथे रेघ केसाएवढी असते. वळणावर मनगटाचा दाब वाढतो, तेथे ती फुगते. आणि पानाच्या टोकाशी पुन्हा विरून जाते. आडवा छेद पाहिला तर ती खाली निमुळती होत जाणारी चीर असते, आणि म्हणूनच तिच्यात भरलेली लाख पिढ्यान् पिढ्या निघत नाही. लेझरने एका फेरीत काढलेली रेघ आदिपासून अंतापर्यंत एकाच रुंदीची असते. रुंदी बदलावयाची तर तो भाग ओळीओळीने जाळून भरावा लागतो, आणि मग त्याचा तळ सपाट व काठ करपट होतो. शिसवासारख्या गडद लाकडात तर जळलेली रेघ दिसतच नाही. ती भरावीच लागते. दुरून दोन्ही रेघा सारख्या भासतील, परंतु वाद्य हे दुरून पाहण्याचे चित्र नव्हे. वादकाच्या डोळ्यांसमोर ते रोज वीतभर अंतरावर असते. परदेशांतही ज्या जडावकामाची खरी वाहवा होते, ते शिंपेवर हाताने कोरलेल्या रेघांसाठीच होते, हे या ठिकाणी नमूद केले पाहिजे. रेघ हाताचीच राहावी, हे माझे म्हणणे भावनेपोटी आलेले नाही. रेघेच्या अंगच्या गुणांवरून ते निघते.

वाद्याचा आकारही यंत्राच्या आड येतो. लेझरची नाभी थोड्याच मिलिमीटरच्या खोलीत नेमकी राहते. भोपळ्याची गोलाई, तीही प्रत्येक भोपळ्यागणिक निराळी, त्या मर्यादेत बसत नाही. मंगळवेढे-पंढरपूरकडून येणारे हे भोपळे निसर्गतः जसे वाढले तसे असतात, आणि कारागीर पान त्या गोलाईला अनुसरून कोरतो. गिटारीच्या पडद्यांच्या पट्टीस सामान्यतः ३०५ मिलिमीटर त्रिज्येची बाक असते. पट्टी ५६ मिलिमीटर रुंद असली, तर मधल्यापेक्षा कडा सुमारे १.३ मिलिमीटरने खाली असते. यंत्राच्या नाभीस एवढा फरक कसाबसा पेलतो, पण सपाट तळाच्या खाचेत बसविलेला रुंद तुकडा बाक देताना कडेस घासून नाहीसाच होण्याची भीती असते. आणि बाक देण्यापूर्वी कोरलेली रेघ तर पुसलीच जाते. शिवाय सरसाने जोडलेल्या सांध्याजवळ उष्णता पोहोचली की सरस ढिला पडतो. एवढ्या सर्व कारणांवरून तयार वाद्य यंत्राखाली कधीच नेऊ नये, सुटे तुकडेच न्यावेत, हा नियम मी निःशंकपणे सांगेन. नादाविषयी जी भीती व्यक्त होते ती, जोपर्यंत आभूषण दांडीवर व कडेस आहे आणि तबलीचा मध्य मोकळा आहे तोपर्यंत, अनाठायी आहे. घोडीवर साधलेला तारेचा झंकार, म्हणजे जवारी, बिघडविण्याचे सामर्थ्य वेलबुट्टीत नसते.

राहिला रोजगाराचा आणि नमुन्यांचा प्रश्न. कारागिरांची मुले हे कसब सोडून इतर नोकऱ्यांकडे वळतात, ही तक्रार मिरजेत जुनी आहे, आणि त्याचे एक कारण असे की जडावकामातील कंटाळवाणा भाग, म्हणजे एकाच मापाचे तुकडे पुन्हा पुन्हा कापीत बसणे, हा तरुणाची उमेद संपविणारा असतो. तो भाग यंत्राने घेतला, तर हाताला कोरणीसाठी व जवारीसाठी वेळ मिळेल. परंतु यंत्राने कोरणीही घेतली, तर मजुरी उतरेल आणि हाताला शिकण्यासारखे काही उरणार नाही. कोणता भाग यंत्राने घ्यावा याचा निर्णय बाजाराच्या हाती सोडला, तर तो नेहमीच दुसऱ्या मार्गाने होतो, हे आपल्याकडील मागाच्या धंद्याने दाखवून दिलेले आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्या मंडळींनी कोणते काम हाताचेच असले पाहिजे आणि कोणते यंत्राने केल्यास हरकत नाही, याचा तपशील स्वतःच लिहून काढला नाही, तर तो त्यांच्यासाठी दुसरा कोणी तरी लिहील.

नमुन्यांची बाब मला याहूनही जिव्हाळ्याची वाटते. वेलबुट्टीचे जुने नमुने बहुतेक कागदावर नाहीत. ते जुन्या वाद्यांवर आणि वृद्ध कारागिरांच्या हातांत आहेत. लेझरला नकाशा लागतो. नकाशा नसेल तर दुकानदार संगणकात तयार मिळणारी कोणतीही फुले-पाने उचलून देतो, आणि मग मिरजेच्या तंबोऱ्यावर कोठल्या तरी परदेशी पुस्तकातील वेल चढते. हे टाळावयाचे तर जुन्या तंबोऱ्यांच्या दांड्यांवर पातळ कागद ठेवून, शिसपेन्सिलीने घासून, त्या रेघांचे ठसे घ्यावे लागतील. कोणत्या घराण्याचा नमुना, कोणत्या वाद्यावरचा, याची नोंद ठेवावी लागेल. आणि त्या नमुन्यावर त्या घराण्याचा हक्क मान्य करून मगच तो यंत्रास द्यावा लागेल. उद्यमबागेतच गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे १९७९ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधीत असतात. छेदाच्या रुंदीचा हिशेब, फणस व शिसव यांवरील प्रकाशाचा परिणाम, धूर शोषून घेण्याची व्यवस्था आणि ठशांचे नकाशात रूपांतर, हे सर्व त्यांच्या आवाक्यातले आहे. मिरजेच्या बाजूने लागेल तो एक जुना तंबोरा, एक कारागीर आणि त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी.